पडद्यावर चित्र उमटण्याआधी

बव्हेरियात ऑग्सबर्गच्या पश्चिमेला डिंकेलशेर्बेन नावाचे छोटे गाव आहे. एक्स विंडो प्रणालीच्या जुन्या सोर्स कोडमध्ये कितीतरी फायलींच्या माथ्यावर थॉमस रोएल हे नाव, १९९०-९१ ही वर्षे आणि या गावाची नोंद आढळते. एक्स ही १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेली, महागड्या वर्कस्टेशनवर चालणारी व्यवस्था. रोएल यांनी ती इंटेलच्या ३८६ चिपवर चालणाऱ्या पीसीवर उतरवली. त्यांचे ‘एक्स३८६’ सप्टेंबर १९९१ मध्ये एक्सच्या अधिकृत आवृत्तीत सामील झाले आणि त्यातूनच पुढच्या वर्षी ‘एक्सफ्री८६’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स ही खुली कार्यप्रणाली वापरणाऱ्यांच्या पहिल्या पिढीला पडद्यावर खिडक्या दिसल्या, त्या या कामामुळे.

तेव्हापासून आजवर जर्मनीतल्या लहानमोठ्या शहरांत ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे यंत्राकडून पडद्यावर चित्र उमटवून घेणारे प्रोग्राम, लिहिण्याचे काम चालू आहे. त्याचा गाजावाजा होत नाही. पण आपण पैसे मोजून घेतलेले यंत्र किती वर्षे चालेल, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे असावा, हा प्रश्न या कामाच्या मुळाशी आहे.

ड्रायव्हर नेमके काय करतो?

१९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे जवळजवळ ५० कोटी बाइट दर सेकंदाला मेमरीतून वाचून केबलवर सोडायचे. दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मधला मोकळा अवधी जमेस धरला, की बिंदूंचे घड्याळ १४८.५ मेगाहर्ट्झवर चालवावे लागते.

आधी मॉनिटरला विचारावे लागते, की तुला काय झेपते? मॉनिटर १२८ बाइटच्या एका तक्त्यातून आपली माहिती देतो. ती वाचून ड्रायव्हर ग्राफिक्स चिपमधली शेकडो रजिस्टरे, म्हणजे सूचनांचे छोटे कप्पे, ठरलेल्या क्रमाने भरतो. क्रम चुकला, की पडदा काळाच राहतो.

पूर्वी हे काम कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाच्या बाहेर, एक्स सर्व्हरमधून होत असे. त्यासाठी एका अवाढव्य प्रोग्रामला यंत्रावरचे सर्वाधिकार द्यावे लागत. मार्च २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२९ पासून पडद्याची मांडणी कर्नलकडे येऊ लागली आणि ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची जबाबदारी कितीतरी वाढली.

कागद मिळाले तेव्हा

रजिस्टरांचा अर्थ सांगणारी कागदपत्रे बहुतेक कंपन्या कुलूपबंद ठेवत. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने आपल्या रेडिऑन चिपची माहितीपत्रके खुली करण्याचे जाहीर केले. १९९२ साली स्थापन झालेल्या, न्युर्नबर्गच्या सुसे कंपनीतले एगबर्ट आइख, मथियास हॉप्फ आणि लुक व्हरहागन यांनी त्याच महिन्यात ‘रेडिऑनएचडी’ हा ड्रायव्हर लोकांसमोर ठेवला.

पुढे मतभेद झाले. रजिस्टरे थेट लिहावीत की कार्डातच साठवलेल्या ॲटमबायॉसच्या तयार आज्ञा वापराव्यात, यावरून दोन ड्रायव्हर समांतर वाढले आणि अखेर न्युर्नबर्गचा मागे पडला. तरीही ते श्रम वाया गेले असे मी मानत नाही. खुल्या कागदांवरून बाहेरचे लोक चांगला ड्रायव्हर लिहू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. खुली झालेली माहिती कुणालाही परत कुलपात घालता आली नाही. २०१५ मध्ये लिनक्स ४.२ मध्ये आलेला एएमडीचा आजचा ड्रायव्हर त्याच खुल्या धोरणातून वाढला.

कागद नव्हते तेव्हा

उत्तर जर्मनीतल्या हिल्डेसहाइममध्ये पेंगुट्रॉनिक्स ही कंपनी आहे. कारखान्यांतल्या आणि इतर उद्योगांतल्या उपकरणांसाठी ती लिनक्स घडवते. अशा अनेक उपकरणांत फ्रीस्केलची आय.एमएक्स ६ ही चिप असते आणि तिच्यात विवांते कंपनीचा ग्राफिक्स गाभा. त्याची कागदपत्रे खुली नव्हती. बंद ड्रायव्हर एका ठरावीक जुन्या कर्नलला बांधून टाकी. पण कारखान्यातले यंत्र दहा-पंधरा वर्षे चालवायचे असते आणि जुन्या कर्नलमधल्या सुरक्षेच्या त्रुटी तशाच ठेवून चालत नाही.

नेदरलँड्सचे व्लादिमिर व्हान डर लान यांनी बंद ड्रायव्हर चिपला कोणत्या आज्ञा धाडतो, यावर पाळत ठेवून एकेका आज्ञेचा अर्थ लावायला सुरुवात केली. जाणकार हाताशी नसताना मोडी दस्तऐवज लावण्यासारखे हे काम. पेंगुट्रॉनिक्सचे लुकास श्टाख आणि इतरांनी त्या ज्ञानावर कर्नलचा ड्रायव्हर उभा केला. ‘एट्नाविव्ह’ या नावाने तो मार्च २०१६ मध्ये लिनक्स ४.५ मधून सर्वांना मिळाला.

निगा राखणारे

नवे घडवण्याइतकेच जुने सांभाळणेही मोलाचे. सुसेचे थॉमस झिमरमान हे त्यातले ठळक नाव. कर्नलमध्ये १९९० च्या दशकापासून चालत आलेली फ्रेमबफरची, म्हणजे पडद्याचे चित्र साठवणाऱ्या मेमरीची, जुनी व्यवस्था आणि नवी व्यवस्था यांची नीट सांधेजोड करण्याचे किचकट काम ते करत आले आहेत. ऑगस्ट २०२१ च्या लिनक्स ५.१४ मध्ये त्यांचा ‘सिंपलडीआरएम’ आला. यंत्र सुरू होताना फर्मवेअरने जो पडदा आधीच उजळवलेला असतो, तोच हा ड्रायव्हर ताब्यात घेतो. त्यामुळे खास ड्रायव्हर नसला तरी अक्षरे दिसतात आणि यंत्र दुरुस्त करता येते.

या क्षेत्रात एक कडक नियम पाळतात. ग्राफिक्स ड्रायव्हरने कर्नलला नवे दार पाडायचे, तर त्या दाराचा वापर करणारा खुला प्रोग्रामही सोबत तयार असावा लागतो. कर्नलमधला भाग खुला आणि वरचा सगळा बंद, असा व्यवहार चालत नाही. मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो. सांभाळण्याचा भार सर्वांवर पडणार असेल, तर समजून घेण्याचा हक्कही सर्वांना हवा.

जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिनक्सवर नेण्याचे जाहीर केले. कचेऱ्यांतल्या नाना तऱ्हेच्या संगणकांचे पडदे विनातक्रार उजळतात, तेव्हाच असा निर्णय कागदावरून टेबलावर येतो.

आपल्याकडे पुणे-नाशिकपासून सांगली-नांदेडपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि जुने संगणक केवळ ड्रायव्हरअभावी अडगळीत पडलेले दिसतात. या कामाला महागडी प्रयोगशाळा लागते, ही समजूत सोडायला हवी. २०१८ च्या लिनक्स ४.१९ पासून ‘व्हीकेएमएस’ हा आभासी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटर न जोडताही पडद्याची सारी यंत्रणा त्यावर शिकता येते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दुकानातून तयार अहवाल आणण्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी या ड्रायव्हरमधली एक त्रुटी शोधावी, तिच्या दुरुस्तीचा कोड, म्हणजे पॅच, लिहावा, जाणकारांकडून तो तपासून घ्यावा आणि नाकारला गेला तर सुधारून पुन्हा पाठवावा. आपल्या अध्यापकांनी आणि विद्यापीठांनी त्याला पूर्ण गुण देण्याची तयारी ठेवली, तर यंत्रांवरच्या अधिकाराचा प्रश्न आपल्याकडेही हाती घेतला जाईल.