उपदेश नको, सोबत हवी

पदवी हाती पडताच गोव्यात घरोघर एकच पृच्छा सुरू होते : सरकारी नोकरीचे काय झाले? जाहिरात रेंगाळते, निकाल लांबतो, वय मात्र थांबत नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांच्या सभेस जमलेल्या तरुणांनाही उद्याची शाश्वती नव्हती. मुक्ती उजाडली ती १९ डिसेंबर १९६१ रोजी. मात्र त्यांना एकमेकांची सोबत होती. आजचा तरुण आपल्या खोलीत एकटाच झुरतो. मिळेल ते काम पत्करण्यात त्याने कमीपणा मानू नये, हे खरे. पण शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करणे पालकांनी आधी थांबवावे. मन फारच खचले, तर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. त्याचा आधार घेण्यात लाज कसली? उपदेश त्याला उदंड मिळतो. ऐकून घेणारे माणूस घरातच मिळावे, एवढेच आमचे सांगणे आहे.