दोन बाटल्यांची ताकद

उमरीत काय नि भोकर-धर्माबादेत काय, कापसाची वेचणी उरकली किंवा लग्नसराई आटोपली की दवाखान्याच्या बाकड्यावर एक मागणी हमखास ऐकू येते: "डॉक्टरसाहेब, अंगात कसच नाही, एखादी सलाईन लावा." ताप नाही, जुलाब नाहीत, रक्त तपासलेलं नाही, नुसता थकवा. थकव्यावर सलाईन हा उपचार ॲलोपॅथीच्या पुस्तकात नाही आणि आयुर्वेदाच्या ग्रंथातही नाही. ही आपणच रुजवलेली तिसरी पॅथी, आणि तिला ना पूर्वतयारी आहे ना पथ्य. आयुर्वेदातली बस्ती, म्हणजे औषधी एनिमा घ्या. तिच्या गुणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, काढ्याची बस्ती आधीचं अन्न पचल्यावर, तेलाची जेवणानंतर, आणि जितके दिवस बस्ती चालली त्याच्या दुप्पट दिवस पथ्य, असा दंडक चरकसंहितेतच आहे. इथे मात्र थेट शिरेत औषध सोडायचं आणि तासाभरात बस गाठायची!

बाटलीत असतं काय? नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असतं; जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. डीएनएस, म्हणजे ग्लुकोज घातलेली सलाईन असेल तर सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम शंभरेक कॅलरी. ज्वारीच्या एका चांगल्या भाकरीत याच्या दुपटीहून जास्त असतात. प्रथिनं नाहीत, लोह नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. अशा बाईचं हिमोग्लोबिन ७ असेल तर दोन बाटल्यांनी ते वाढत नाही. उलट रक्त पातळ होऊन काही काळ आकडा किंचित खालीच येतो.

"पण सलाईन लावल्यावर बरं वाटतं, त्याचं काय?" हा आक्षेप खोटा नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला दुपारी दोन तास कुणी आडवं होऊ देत नाही. सलाईन होऊ देते. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळलं की पाणी पिवळं होतं आणि रंग बघूनच निम्मी तरतरी येते. कुणी स्टेरॉइड सोडलं असेल तर भूकही लागते, पण चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा आक्षेप मजुरी बुडण्याचा: लोहाच्या गोळ्या महिनाभर कोण घेत बसणार? पण बाटलीमागून बाटली घेणाऱ्याची मजुरीही बुडते आणि रक्त होतं तिथेच राहतं. जिथे पाणी खरंच आटलेलं असतं, म्हणजे जबर जुलाब, न थांबणाऱ्या उलट्या, उष्माघात, तिथे सलाईन जीव वाचवते. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडलं ते यासाठीच. तरीही १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांकरवी तोंडाने पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. ज्याला गिळता येतं, त्याला ओआरएसचं पाकीट पुष्कळदा पुरतं.

डॉक्टरांनी कारण शोधून सलाईन सांगितलीच, तर तयारी करून जावं. बीपी, साखर, हिमोग्लोबिन आधी बघून घ्यावं. हृदयाचा, किडनीचा त्रास, गरोदरपण, औषधाची ॲलर्जी हे विचारायची वाट न बघता सांगावं, कारण दुबळ्या हृदयाला एकदम आलेलं पाणी पेलत नाही. ते फुफ्फुसात साठतं. शक्य तर थोडं खाऊन, लघवीला जाऊन यावं. बाटलीवरचं नाव आणि मुदत वाचून घ्यावी. बाटलीचं सील आणि सेट-सुईची पाकिटं आपल्यासमोर फोडायला लावावीत. एकदा वापरलेल्या सुईतून कावीळ बी आणि सी पसरते, तेव्हा इथे भीड धरू नये.

खरा घोळ होतो तो नळीवरच्या चाकाशी. गाडीची वेळ झाली की सोबतचा माणूस बोटाने ते चाक ढिलं करतो. नेहमीच्या सेटमधून वीस थेंबांना एक मिलिलिटर जातं, म्हणजे चार तासांत ५०० मिलिलिटर संपवायचं तर मिनिटाला चाळीसेक थेंब. चाक ढिलं केलं की तेच पाणी अर्ध्या तासात आत. मध्येच हुडहुडी भरली, दम लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा सुईपाशी हात फुगला तर बाटली संपायची वाट बघू नये. लगेच थांबवायला सांगावं. सुई काढल्यावर कापूस चोळू नये, पाचेक मिनिटं दाबून धरावा. मग उठून बसावं आणि चक्कर येत नाही हे बघूनच उभं राहावं. पुढच्या दोन-तीन दिवसांत शिरेवर लाल, दुखरी दोरी उमटली, ताप आला, पायावर सूज आली किंवा रात्री आडवं झाल्यावर धाप लागली, तर "अजून अशक्तपणा आहे" म्हणून दुसरी बाटली लावून घेऊ नये. ग्रामीण रुग्णालय गाठावं. धाप असेल तर त्याच रात्री.