खासगी ध्वनिसंग्रहातील विस्मृत गीते आणि यादृच्छिक निवड

ध्वनिमुद्रित संगीताचा संग्रह करणाऱ्या रसिकाच्या बाबतीत एक गोष्ट हटकून घडून येते. संग्रह वाढत जातो, परंतु प्रत्यक्ष ऐकला जाणारा त्याचा भाग मात्र फारसा वाढत नाही. कपाटातील तबकड्या असोत, फिती असोत अथवा संगणकावर साठविलेली ध्वनिमुद्रणे असोत, हात वारंवार त्याच पाचपन्नास गीतांकडे वळतो. उरलेली गीते मालकीची असूनही हरवल्यासारखीच असतात. किंबहुना हरवलेल्या वस्तूची निदान उणीव भासते, यांची तीही भासत नाही. अशा संग्रहातून कोणते गीत लावावयाचे हे मालकाने न ठरविता केवळ यदृच्छेवर सोपविले, तर विस्मृत भाग पुन्हा समोर येतो, हा अनेकांचा अनुभव आहे. २००५ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने ‘आयपॉड शफल’ या नावाचे जे छोटेसे यंत्र विक्रीस आणले, त्याला गीतांची नावे दाखविणारा पडदाच नव्हता. गीते पिसून लावणे हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. त्या यंत्राची विक्री २०१७ मध्ये थांबली. सोय मात्र आज प्रत्येक भ्रमणध्वनीत आहे. या निवडीने जे साधते ते का साधते, आणि कोणत्या अटी पाळल्या असता साधते, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

प्रथम सवयीने होणाऱ्या निवडीचे स्वरूप पाहू. १९२३ मध्ये एगेनबर्गर व पोल्या यांनी मांडलेला घटाचा नमुना येथे चांगला उपयोगी पडतो. एका घटात एक पांढरा व एक काळा असे दोन चेंडू आहेत. न पाहता एक चेंडू काढावयाचा, तो परत टाकावयाचा आणि त्याच रंगाचा आणखी एक चेंडू घटात घालावयाचा. जो रंग एकदा निघाला त्याची पुढील खेपेस निघण्याची संभाव्यता अशा रीतीने वाढते. शंभर खेपांनंतर घटात १०२ चेंडू होतात. त्यांत पांढरे चेंडू साधारण निम्मे असतील असे सहज वाटते. पण गणित वेगळेच सांगते. पांढरे चेंडू १ असणे, ५१ असणे किंवा १०१ असणे या सर्व घटनांची संभाव्यता एकच, म्हणजे १/१०१ इतकी असते. आरंभी दोन्ही रंग अगदी समान होते. शेवटी एका रंगाचे जे प्राबल्य दिसते त्याचे मूळ पहिल्या काही खेपांतील योगायोगात असते, रंगाच्या गुणात नव्हे.

संग्रहातील गीतांची गोष्ट याहून फार निराळी नाही. एखादी वस्तू केवळ पुनःपुन्हा समोर आल्याने ती अधिक आवडू लागते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखविले. म्हणजे ऐकल्याने आवड वाढते व आवड वाढल्याने पुन्हा ऐकले जाते. गीतांचे गुण सारखे नसतात हे खरे, आणि तेवढ्यापुरता हा नमुना अपुराही आहे. तथापि गुणांतील फरक मान्य करूनही आरंभीच्या योगायोगाचा वाटा मोठाच राहतो. २००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स व वॉट्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ श्रोत्यांना अपरिचित अशी ४८ गीते देण्यात आली होती. ज्यांना इतरांची पसंती दिसत होती अशा श्रोत्यांचे परस्परांपासून अलग आठ गट केले होते. गीते तीच असूनही निरनिराळ्या गटांत निरनिराळी गीते लोकप्रिय ठरली. तो प्रयोग इतरांच्या प्रभावाविषयीचा होता. परंतु एकट्या रसिकाच्या बाबतीत त्याची कालची निवडच आजच्या निवडीवर तसा प्रभाव टाकते, असे मानण्यास हरकत नाही. सारांश, ज्याला मालक आपली अभिरुची म्हणतो, तिच्यात खरी अभिरुची किती आणि पहिल्या काही दिवसांतील अपघात किती, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. ते पारखून पाहण्याचा एकच मार्ग उरतो: घट पुन्हा मूळ स्थितीवर आणणे, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला निवडले जाण्याची समान संधी देणे.

हे काम मालकाने डोळे मिटून केल्याने होत नाही. यंत्रावाचून मनाने केलेली ‘कशीही’ निवड यादृच्छिक नसते, याची जाणीव नमुना पाहणीच्या शास्त्राला फार पूर्वी झाली होती. चिठ्ठ्या हाताने कितीही कालविल्या तरी त्या नीट मिसळत नाहीत, या अडचणीतूनच टिपेट यांचे ४१,६०० अंकांचे कोष्टक १९२७ मध्ये छापले गेले.

परंतु समान संधी दोन प्रकारे देता येते, आणि त्या दोहोंत विस्मृत गीतांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. काढलेली चिठ्ठी परत टाकून पुन्हा काढावयाची, हा एक प्रकार. एकदा निघालेली चिठ्ठी सर्व चिठ्ठ्या संपेपर्यंत बाजूस ठेवावयाची, हा दुसरा. २,००० ध्वनिमुद्रणांचा संग्रह घ्या. पहिल्या प्रकारात अवघ्या ५३ खेपांच्या आतच एखादे गीत दुसऱ्यांदा ऐकू येण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक होते. २,००० खेपा झाल्या तरी सुमारे ७३६ ध्वनिमुद्रणे एकदाही लागलेली नसतात. आणि संपूर्ण संग्रह निदान एकदा ऐकून व्हावा यासाठी सरासरीने सुमारे १६,३५६ खेपा लागतात. रोज दहा गीते ऐकणाऱ्यास यासाठी जवळजवळ साडेचार वर्षे हवीत. दुसऱ्या प्रकारात तेच काम २०० दिवसांत नेमके पुरे होते. म्हणून पुनःपरिचय हा हेतू असेल तर परत न टाकता केलेली निवडच उपयोगाची.

यासाठी सगळा संग्रह एकदाच पिसून त्याचा क्रम लावून ठेवावा लागतो. त्याची रीत फिशर व येट्स यांनी १९३८ च्या आपल्या कोष्टकांच्या पुस्तकात दिली, आणि संगणकास सोयीचे तिचे रूप डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. यादीतील शेवटच्या जागेपासून आरंभ करावयाचा. त्या जागेवरील गीताची, ते स्वतः व त्याच्या आधीची सर्व गीते यांतून यदृच्छेने निवडलेल्या एकाशी अदलाबदल करावयाची. मग एक जागा मागे यावयाचे. निवडीत ‘ते स्वतः’ही धरावयाचे, हे विसरले तर काही क्रम कधीच येऊ शकत नाहीत. ते ध्यानात ठेवले म्हणजे प्रत्येक क्रम सारख्याच संभाव्यतेने मिळतो.

गंमत अशी की, ही निर्दोष रीत वापरली असता श्रोते तक्रार करतात. एकाच गायकाची दोन गीते लागोपाठ आली की यंत्र पक्षपाती आहे अशी शंका घेतली जाते. दहा गायकांची प्रत्येकी २०० ध्वनिमुद्रणे असलेल्या संग्रहात वीस गीते ओळीने ऐकली, तर एकाच गायकाची जोडी निदान एकदा येण्याची संभाव्यता शेकडा ८६ आहे. अशी जोडी न येणे हेच नवलाचे. खऱ्या यदृच्छेत पुंजके असतातच. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण लंडनवर पडलेल्या उडत्या बाँबची ठिकाणे पाहून जर्मनांनी विशिष्ट वस्त्यांवर नेम धरला असावा असा लोकांचा समज झाला होता. क्लार्क यांनी १९४६ मध्ये त्या प्रदेशाचे ५७६ समान चौरस करून त्यांत पडलेल्या ५३७ बाँबची वाटणी तपासली. ती प्वासाँच्या नियमाशी उत्तम जुळली. तथापि व्यापारी कंपन्यांनी गणितापेक्षा गिऱ्हाइकाची बाजू घेतली. ॲपलने २००५ मध्ये एकाच गायकाची गीते लागोपाठ येण्याचे प्रमाण कमीजास्त करण्याची सोय दिली, आणि स्पॉटिफायने २०१४ मध्ये एका गायकाची गीते संपूर्ण क्रमात अंतराअंतराने पसरविणारी नवी रीत स्वीकारल्याचे जाहीर केले. प्रत्येक गीत एकदा तरी यावयाचेच असेल, तर क्रमातील ही डागडुजी निरुपद्रवी आहे. उपद्रवी आहे ती वेगळीच सोय: मालकाने अधिक गुण दिलेली किंवा अधिक वेळा ऐकलेली गीते अधिक वेळा लावण्याची. तीत पोल्याचा घट मागील दाराने पुन्हा घरात शिरतो, आणि नाव मात्र यदृच्छेचे राहते.

आतापर्यंत ‘गीत’ हे एकक गृहीत धरले. हिंदुस्थानी संगीताच्या संग्रहात नेमकी तेथेच अडचण येते. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या काळातील दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. १९४८ मध्ये आलेल्या दीर्घ तबकडीची बाजू वीस मिनिटांच्या घरात. आणि खासगी मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला तर मर्यादाच नाही. समजा, संग्रहात तीन मिनिटांची ९०० व तीस मिनिटांची १०० ध्वनिमुद्रणे आहेत. चिठ्ठीने निवड केली तर दहांत एकदाच बडा ख्याल निघेल. पण वेळाने मोजले तर संग्रहाचा निम्म्याहून अधिक भाग, ५,७०० पैकी ३,००० मिनिटे, त्या शंभरांतच आहे. शिवाय एकाच रागाची विलंबित व द्रुत चीज निरनिराळ्या क्रमांकांनी साठविलेली असेल, तर विलंबिताची पायाभरणी न ऐकताच द्रुत कानी पडते. पाश्चात्त्य गायकांनाही हा क्रमभंग खुपतो. २०२१ मध्ये गायिका अडेल हिच्या विनंतीवरून स्पॉटिफायने ध्वनिसंचाच्या पानावरील पिसण्याची खूण मागे घेतली. नाट्यगीते, भावगीते, अभंग यांना या क्रमभंगाची झळ कमी लागते. रागसंगीतात मात्र एका रागाचे संपूर्ण गायन हेच एकक धरून, त्याचे तुकडे यादीत आधी सांधून घेणे अवश्य आहे.

रागांच्या वेळेचा प्रश्न याहून नाजूक. भल्या सकाळी मारवा लागला तर परंपरेत वाढलेला श्रोता अस्वस्थ होईल. तीन मिनिटांच्या तबकडीने रागाला त्याच्या वेळेपासून पूर्वीच सोडविले आहे, हा युक्तिवाद करता येतो. पण तो अस्वस्थता घालवीत नाही. यावर नमुना पाहणीत सुप्रसिद्ध असलेला स्तरित निवडीचा उपाय लागू पडतो. पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात शेतीच्या पाहणीसाठी ज्याचा सविस्तर विचार केला, तोच हा: समूहाचे आधी समजून उमजून स्तर पाडावयाचे व यदृच्छा प्रत्येक स्तराच्या आत चालवावयाची. संग्रहाचे प्रहरवार भाग करून त्या त्या वेळी त्या त्या भागातून निवड केली, तर कोणतेच ध्वनिमुद्रण वगळले जात नाही आणि यमनाला संध्याकाळ मिळते.

एवढी काळजी घेऊनही सगळा प्रयोग एका बोटाच्या स्पर्शाने फुकट जाऊ शकतो. लागलेले ध्वनिमुद्रण नको म्हणून पुढे ढकलणे, ही नमुना पाहणीच्या भाषेत प्रतिसाद न मिळण्याची बाब होय. ढकलणी सर्वांच्या वाट्याला सारखी येती तर चिंता नव्हती. परंतु तीन मिनिटांचे अनोळखी पद सहन केले जाते. संथ आलापाने सुरू होणारा अनोळखी ख्याल दुसऱ्याच मिनिटाला ढकलला जातो. अर्थात जी ध्वनिमुद्रणे सवयीमुळे विस्मृतीत गेली होती, तीच पुन्हा तेथे जातात. पाहणीतील अशा कुटुंबांसाठी हॅन्सन व हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये असे सुचविले की, ज्यांच्याकडून उत्तर आले नाही त्यांच्यातूनच एक लहान नमुना यदृच्छेने काढावा आणि त्या घरी मात्र प्रत्यक्ष जाऊन उत्तर मिळविल्याखेरीज परतू नये. संग्राहकालाही हेच करता येईल. ढकललेल्या ध्वनिमुद्रणांची वेगळी वही ठेवावी, आठवड्याकाठी तीतून एक चिठ्ठी काढावी, आणि तेवढे एक ध्वनिमुद्रण शेवटच्या तिहाईपर्यंत ऐकावे.