प्रौढ वयात वैद्यक : दोन वाटा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून तिशीनंतर वैद्यकाकडे वळू इच्छिणाऱ्या पदवीधरापुढे दोन वाटा असतात. डॉक्टरकीस महाविद्यालयाची ४ वर्षे आणि त्यापुढे शाखेनुसार ३ ते ७ वर्षे रुग्णालयातील उमेदवारी लागते. फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम बहुधा सव्वादोन वर्षांचा असतो. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातील ४ माजी रुग्णसेवकांना घेऊन तो प्रथम सुरू केला. हा असिस्टंट रोगी तपासतो, औषधही लिहून देतो. परंतु बहुधा डॉक्टरच्या जोडीनेच काम करतो.

आम्ही व्यापारी मुदत पाहिल्यावाचून भांडवल गुंतवीत नाही. येथे भांडवल म्हणजे आयुष्याची वर्षे. अंतिम निर्णय आपल्याच हाती हवा असेल, तर दहा वर्षांचा जमाखर्च खुशाल मांडावा. संसाराचा भार डोक्यावर असेल, तर दुसऱ्या वाटेस कमी लेखू नये, असे आम्हांस वाटते.