दुभागलेली काच आणि एकसंध काच : मॉरिस मायनर गाडीच्या निमित्ताने एक विचार

जुन्या मोटारगाड्यांचे जतन हा विषय सामान्यतः हौसेच्या सदरात टाकला जातो. परंतु एखादी जुनी गाडी दुरुस्त करू लागताच भूमिती, प्रकाशशास्त्र, पदार्थविज्ञान आणि इतिहास या चारही शास्त्रांचे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात, याचा अनुभव त्या कामात पडलेल्या प्रत्येकास येतो. अशा प्रश्नांपैकी एकाचा येथे विचार करावयाचा आहे. ज्या गाडीची पुढची काच मूळची दोन भागांची आहे, तिला पुढील काळातील एकसंध काच बसवावी काय? बसविल्यास नेमके काय मिळते, आणि काय गमवावे लागते?

उदाहरणादाखल मॉरिस मायनर ही गाडी घेऊ. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही इंग्रजी गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. प्रारंभी तिला ९१८ घन सें. मी. चे एंजिन होते. १९५२ पासून ८०३ घन सें. मी. चे एंजिन आले, परंतु पुढची काच मात्र दोन सपाट तुकड्यांचीच राहिली. हे तुकडे मध्यभागी एका उभ्या दांड्याशी मिळत आणि तेथे किंचित कोन करीत. १९५६ साली ‘मायनर १०००’ हा सुधारित प्रकार ९४८ घन सें. मी. च्या एंजिनासह आला. त्यात दांडा गेला, एकच वक्र काच आली आणि मागची खिडकीही मोठी झाली. आपल्या देशाचाही या गाडीशी संबंध आहे. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची ‘बेबी हिंदुस्थान’ याच मायनरवर बेतलेली होती.

एकाच गाडीचे दोन्ही प्रकार उपलब्ध असल्यामुळे जुन्या मायनरला नवी काच बसविण्याची कल्पना सहज सुचते. ती कितपत युक्त आहे हे ठरविण्यापूर्वी काच मुळात दुभागली का, हे पाहणे इष्ट होईल.

काच दुभागण्याचे कारण

गाडीचे तोंड निमुळते असावे, म्हणजे हवेचा विरोध घटतो, ही जाणीव १९३० नंतरच्या दशकात बळावली. सपाट काच आडवी उभी केली तर ती वाऱ्यापुढे भिंतीसारखी ठरते. वक्र काच हा उत्तम उपाय होय. क्रायस्लर कंपनीने १९३४ च्या ‘कस्टम इंपीरियल’ या महागड्या गाडीस एकसंध वक्र काच बसवूनही दाखविली. परंतु मोठी काच साच्यावर तापवून, दृष्टीस विकृती येऊ न देता वाकविणे खर्चाचे होते. स्वस्त गाडीस हा खर्च परवडणारा नव्हता. तेव्हा दोन सपाट काचा कोनात जोडून वक्रतेचे काम भागवावे, ही तडजोड निघाली. म्हणजे मधला दांडा हा सौंदर्याचा अलंकार नसून काच-उद्योगाच्या तत्कालीन सामर्थ्याची सीमारेषा होय.

चौकटीची भूमिती

आता एक ढोबळ गणित करू. त्यातील मापे समजुतीसाठी घेतली आहेत, ती प्रत्यक्ष मायनरची नव्हेत. प्रत्येकी ५० सें. मी. रुंदीच्या दोन सपाट काचा घेऊन त्या मध्यापासून १५ अंशांनी मागे वळविल्या असे समजा. मध्यबिंदू आणि दोन्ही टोके या तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ काढल्यास त्याची त्रिज्या सुमारे ९७ सें. मी. येते. कंसाची लांबी १०१ सें. मी. भरते, म्हणजे दोन्ही काचांच्या एकत्रित रुंदीहून ती फार वेगळी नाही. यावरून नवी काच जुन्या चौकटीत सहज बसेल असा भास होतो.

तो भासच होय. प्रत्येक सपाट काचेच्या मध्याशी कंस तिच्यापासून ३.३ सें. मी. बाहेर जातो. शिवाय टोकांशी सपाट काचेची दिशा १५ अंशांची, तर कंसाच्या स्पर्शरेषेची ३० अंशांची असते. म्हणजे काच ज्या दुमडलेल्या पत्र्यावर रबरी पट्टीने बसते, तो पत्रा वर छताशी व खाली बॉनेटमागे दोन्हीकडे सुमारे तीन सें. मी. पुढे आणावा लागेल, आणि बाजूच्या खांबांशी तो पंधरा अंशांनी पिळावा लागेल. रबरी पट्टी काही मिलिमीटरांचा फरक पोटात घालते, सेंटिमीटरांचा नाही. याचा अर्थ असा की, ‘काच बदलणे’ हे शब्द फसवे आहेत. प्रत्यक्षात चौकट बदलावयाची असते आणि काच तिच्यामागून येते.

येथे बळांचाही विचार केला पाहिजे. मायनरला वेगळी चासी नाही, तिचा पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. अशा गाडीत पुढची चौकट कापून पुन्हा जोडणे म्हणजे भार वाहणाऱ्या अवयवावर शस्त्रक्रिया करणे होय. अलीकडच्या गाड्यांत काच चौकटीला चिकटविलेली असते व ती सांगाड्याच्या दृढतेत भर घालते. रबरात बसविलेली काच तसे साहाय्य करीत नाही. उलट चौकट थोडी जरी वाकडी राहिली, तरी एखाद्या कोपऱ्यावर दाब येऊन काचेच्या कडेपासून तडा सुरू होतो.

दृष्टीचा प्रश्न

एकसंध काचेच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असतो तो दृष्टीचा. मधला दांडा ३ सें. मी. रुंद व डोळ्यांपासून ६० सें. मी. अंतरावर आहे असे धरू. एका डोळ्यापुरते पाहिले तर तो सुमारे तीन अंशांचा पट्टा झाकतो, आणि ५० मीटरांवर हा पट्टा २.५ मीटर रुंद होतो. त्यात समोरून येणारी सबंध गाडी मावेल. परंतु दोन डोळ्यांत सुमारे ६.५ सें. मी. अंतर असते, आणि दांडा त्याहून अरुंद आहे. म्हणून दोन्ही डोळ्यांना एकदम न दिसणारा प्रदेश दांड्यापलीकडे ५१ सें. मी. वरच संपतो. तो बहुधा बॉनेटच्या पलीकडे जातच नाही. तेव्हा दांड्याची अडचण खरी असली तरी ती वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे. एका डोळ्याने अधू असलेल्या चालकास मात्र हे गणित लागू पडत नाही.

उलट पक्षी, वक्र काचेचे स्वतःचे दोष आहेत. समांतर पृष्ठांची सपाट काच किरणास किंचित बाजूला सरकविते, पण त्याची दिशा बदलत नाही. वाकविताना काचेची जाडी कोठे कमीअधिक झाली तर ती तेथे पाचरीसारखी होते. १० सें. मी. अंतरात जाडीत केवळ ०.१ मि. मी. फरक पडला, आणि वक्रीभवनांक १.५२ धरला, तर समोरून आलेल्या किरणाचे विचलन ५० मीटरांवर २.६ सें. मी. होते. दिवसा हे जाणवणार नाही. परंतु काचेच्या आत दोनदा परावर्तित होऊन येणारी अंधुक दुय्यम प्रतिमा मूळ प्रतिमेपासून सुमारे १५ सें. मी. दूर पडते, आणि रात्री एका दिव्याचे दोन दिवे दिसू लागतात. हलक्या प्रतीच्या वक्र काचेने दांड्याचा दोष घालवून हा दोष विकत घेतला जातो.

सुरक्षिततेचे खरे स्थान

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो. येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. काच सुरक्षित आहे की नाही हे तिच्या आकारावर नव्हे, तर घडणीवर अवलंबून असते. सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी एकदम निववलेली ‘टफन्ड’ काच फुटल्यावर तिचे बोथट कण होतात. परंतु फुटताक्षणी सबंध काच जाळीदार होऊन समोरचे काही दिसेनासे होऊ शकते, आणि अशी काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही. स्तरित काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो. ती तडकली तरी जागेवर राहते. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच संशोधकाने १९०९ साली जिचे पेटंट घेतले, त्या कल्पनेचेच हे विकसित रूप होय.

आता यातील मर्म असे की, स्तरित काच सपाट असेल तर ती मापाप्रमाणे कापून घेता येते. वक्र काचेला मात्र साचा व भट्टी लागते. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी चौकट कापावयास लोक प्रवृत्त होतात, ती जुन्या दुभागलेल्या चौकटीतच, पत्र्याला हात न लावता मिळते. आणि भविष्यात काच पुन्हा फुटली तर तिची उणीवही भासत नाही.

साक्षीपुरावा म्हणून गाडी

शेवटचा प्रश्न इतिहासाचा. जुन्या वाहनांच्या जतनासाठी २०१३ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा भर कमीत कमी हस्तक्षेपावर, आणि आवश्यक बदल उलटविता येण्याजोगा व नोंदलेला असण्यावर आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनेही पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाडीसच ‘व्हिंटेज’ म्हटले असून, चासी किंवा अंगबांधणीत बदल झालेला नसावा अशी अट घातली आहे. या कसोटीवर काचेचा प्रकार बदलणे आणि चौकट कापणे यांत मूलभूत अंतर आहे. पहिला बदल तासाभरात उलटविता येतो. दुसरा उलटविता येत नाही.

तथापि येथेही दुराग्रह नसावा. एखाद्या गाडीस तिच्या मालकाने अर्धशतकापूर्वीच एकसंध काच बसविली असेल, तर तो बदलही आता त्या गाडीच्या चरित्राचा भाग झाला आहे. तो पुसण्याची घाई करू नये, त्याची नोंद करावी.

सारांश, मायनरच्या दोन काचा म्हणजे अपुरेपणा नव्हे. स्वस्त गाडीस वक्र काच परवडत नव्हती त्या काळी अभियंत्याने काढलेले ते उत्तर आहे. चौकट कापली तर उत्तर बदलत नाही, प्रश्नच पुसला जातो. आणि मग तो काळ कोणत्या अडचणीशी झुंजत होता, हे त्या गाडीकडून शिकण्याची सोय पुढच्या अभ्यासकास उरत नाही.