शिळं पोटात गेल्यावर

अन्न नासलेलं होतं हे माणसाला दोन वेळा कळतं. एक, घास तोंडात असताना. दुसरी वेळ वाईट. जेवण आटोपलेलं असतं, ताटं घासून पालथी पडलेली असतात, आणि घरातलं कोणीतरी भांड्यात उरलेल्या वरणात पळी घालून म्हणतं, "अहो, याला तर तार सुटली!" मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात.

पहिल्या वेळचं काम सोपं आहे. घास थुंकावा, चूळ भरावी, पाणी प्यावं आणि बाकीच्यांचे हात थांबवावेत. एखाददुसरा घास गिळला गेला तरी बहुतेक वेळा काही होत नाही. जठरातलं आम्ल बऱ्याच जंतूंचा निकाल लावतं.

दुसऱ्या वेळी मात्र आपल्याकडं घरोघर एकच उपाय निघतो. घशात बोटं घाला, नाहीतर तांब्याभर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. मंडळी, हे करू नका. ओकताना अन्न श्वासनळीत जाऊ शकतं. दाट मिठाचं पाणी लहान मुलाच्या पोटात टिकलं, तर रक्तातलं मीठ वाढून ते नासक्या वरणापेक्षा घातक ठरतं. उलटी आपली आपण झाली तर होऊ द्यावी, तिला रोखूही नये. त्यापेक्षा घड्याळाकडं पाहा आणि किती वाजता काय खाल्लं ते लक्षात ठेवा. उरलेल्या अन्नातला वाटीभर भाग झाकून, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असा वेगळा ठेवा. पुढं दवाखान्यात जावं लागलं तर तो उपयोगी पडतो. आणि ज्यांनी ज्यांनी ते खाल्लं त्यांना सांगा. पाहुण्याला सांगायची लाज वाटते, पण सांगा.

घड्याळ का पाहायचं? कारण त्रास किती वेळानं सुरू झाला, यावरून पुष्कळ कळतं. खाल्ल्यावर तास-दोन तासांत, फार तर सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा जंतूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष पोटात गेलेलं असतं. बासुंदी, पेढे, खव्याचे पदार्थ हातावर फोड असलेल्या माणसानं हाताळले आणि ते उन्हात राहिले, की हे घडतं. हे विष उकळल्यानंही जात नाही. म्हणून "चांगलं तापवून घे, काही होत नाही" हे आपल्या आयांचं वाक्य अर्धंच खरं आहे. तापवल्यानं जंतू मरतात, त्यांनी करून ठेवलेलं काम तसंच राहतं.

भाताचंही असंच. तांदळातल्या एका जंतूची बीजं शिजवूनही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढीला लागतात. आमच्याकडं दावतीची देग रात्रभर तशीच झाकून ठेवायची आणि सकाळी ती बिर्याणी मोहल्ल्यात वाटायची पद्धत आहे. शिळी बिर्याणी जास्त चवदार लागते, हे मलाही मान्य आहे. पण ती रात्रीच पसरट परातीत काढून निववली पाहिजे आणि थंड जागी ठेवली पाहिजे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात झाकलेली देग म्हणजे जंतूंचं लग्नघर.

त्रास सहा-आठ तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला, सोबत ताप आला, हगवण लागली, तर जंतू आतड्यात जाऊन तिथं वाढले असं समजावं.

बुरशीची गोष्ट आणखी वेगळी. २० फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच वऱ्हाडात, बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद होता, भगर आणि आमटी. शेकडो माणसांना उलट्या आणि हगवण लागली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या लटकवल्या आणि रुग्ण खाली जमिनीवर निजले. ते फोटो देशभर गेले. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी जवळ आली की अन्न व औषध प्रशासन भगरीबद्दल सूचना देतं ती उगीच नाही. भगरीला दमट हवेत बुरशी लागते आणि ती विष तयार करते. दळून ठेवलेलं पीठ तर ओल फार लवकर धरतं. आमच्या मेळघाटात पिकणाऱ्या कोदोचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दहा हत्ती दगावले, ते बुरशी लागलेलं कोदोचं पीक खाऊन. हत्तीला जे पेलवलं नाही ते आपल्याला कुठून पेलवणार?

आता मुख्य गोष्ट. उलटी-हगवणीत माणूस जातो तो बहुतेक वेळा विषानं नाही, अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं जातो. हे आमच्या चिखलदऱ्याच्या माणसाला दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त कळायला हवं. जुलै २०२२ मध्ये तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचं दूषित पाणी पिऊन गावंच्या गावं आजारी पडली आणि माणसं दगावली. बिल थकल्यामुळं नळयोजनेची वीज तोडलेली होती, असं तेव्हा समोर आलं. तिथं दोष पाण्याचा होता, अन्नाचा नव्हता; पण शरीराला तो फरक कळत नाही. ते दोन्हीकडून सारखंच कोरडं पडतं. त्यात मूल आधीच कमी वजनाचं असेल तर हातात थोडे तास असतात. आणि पावसाळ्यात धुकं उतरल्यावर घाटातून परतवाड्याला पोचायला किती वेळ लागतो हे गाडीवाल्याला विचारा.

म्हणून पहिलं औषध घरात, चुलीजवळ तयार झालं पाहिजे. एक लिटर उकळून निववलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोटानं पुसलेला. चाखून पाहावं, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं आणि पुन्हा करावं. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळं इथं पाणी शंभरऐवजी साधारण शहाण्णव अंशांवरच उकळतं, मग जंतू मरतात का, असं एका विद्यार्थ्यानं मला विचारलं होतं. मरतात. मिनिटभर खळखळू द्यावं, बस.

साखर-मिठाचं पाणी म्हणजे गरिबाची समजूत, असं वाटून घेऊ नका. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या दवाखान्यात जमीनभर रुग्ण, आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मापानं मिसळून पुड्या करवून घेतल्या, ते मिश्रण पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. जिथं शंभरातले वीस-तीस रुग्ण जात होते, तिथं चारांहून कमी जाऊ लागले. साखरेच्या सोबतीनं मीठ आतड्यातून आत शिरतं आणि मिठामागं पाणी जातं, एवढीच त्यातली किल्ली. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं ही कदाचित शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल, असं म्हटलं. डॉक्टर २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं. त्या छावणीत औषध पाजणारे हात मावशीचे, भावाचे, म्हाताऱ्या बापाचे होते, ही गोष्ट मला त्या पदकापेक्षा मोठी वाटते.

आशाताईकडं ओआरएसची पुडी मिळते, ती असेल तर उत्तमच. पण लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात घातली तर मीठ जास्त होतं. दुकानातल्या गोड पेयांच्या डब्यांवर 'ओआरएस' असं छापलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला बंदी केली. ती पेयं, थंड बाटल्या, चहा यांनी हे काम होत नाही.

पाजायचं कसं, यातच बरेच जण चुकतात. तहानलेलं मूल पेला गटागटा पितं, ओकतं, आणि आई म्हणते, पाणीसुद्धा टिकत नाही, देऊच नका. असं म्हणू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्यानं, मिनिटा-दोन मिनिटांनी द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, आपल्यासारख्यांना हवं तेवढं. आईचं दूध बंद करायचं नाही. भूक लागली की मऊ भात, पेज, ताक, वरणाचं पाणी द्यावं. पोटाला 'आराम' म्हणून उपाशी ठेवण्यानं मूल आणखी खचतं. मुलांना दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळीही द्यायची असते, ती आरोग्य केंद्रात मिळते. उपास असो की रोजा, आजारी माणसाला सगळीकडं सूट आहे. तेव्हा पाणी प्या, रोजा नंतर पुरा करता येतो.

हगवण थांबवायची गोळी दुकानातून आणून मुलाला देऊ नये. ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्यानं चटके द्यायचे, त्याला इकडं डंबा म्हणतात; २०२५ मध्येही आमच्या तालुक्यात तान्ह्या बाळावर तो झाला. भूमकाकडं जायचं असेल तर जा, गावात त्याचा मान आहे. पण मूल कडेवर असताना मिठा-साखरेच्या पाण्याचा पेला दुसऱ्या हातात असू द्या, आणि अंगाला विळा लागू देऊ नका.

आणि घरी थांबायचं नाही अशा वेळा ओळखा. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू खाली बसते, मूल पेंगुळलंय, शौचात रक्त आहे, भाताच्या पेजेसारखे जुलाब होताहेत, घोटभरही टिकत नाही, तर १०८ ला फोन करा आणि वाटेतही पाणी पाजत राहा. गरोदर बाई, म्हातारं माणूस आणि तान्हं मूल यांच्यासाठी तर आधीच निघा. दोन-दोन दिसू लागलं, पापण्या पडू लागल्या, जीभ जड झाली, तर तो मज्जातंतूंवर जाणारा विषार आहे. तिथं मिनिटं मोजायची असतात.

रानातल्या अळंब्यांचं मात्र काही होण्याची वाट पाहूच नका. सगळ्यांत जहरी अळंबीचा त्रास बहुतेकदा सहा-बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मग दिवसभर बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत नासत असतं. फवारणीच्या डब्यात किंवा पोत्यात ठेवलेलं धान्य खाण्यात आलं, तोंडातून लाळ गळू लागली, घाम सुटला, बाहुल्या बारीक झाल्या, तर ते शिळं अन्न नव्हे, कीटकनाशक आहे. ओकारी काढू नका, सरळ दवाखाना गाठा आणि डबा सोबत न्या.

बरं वाटलं तरी जंतू आणखी काही दिवस शौचातून जात असतात. म्हणून साबणानं हात धुवायचे, आणि आजारी पडलेल्या माणसानं हगवण थांबल्यावरही दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. आपल्याकडं हे अवघड होतं, कारण चूल एकाच बाईच्या नावावर असते आणि ती उठून बसली की घर लगेच विचारतं, भाकरी कधी? ते दोन दिवस दुसऱ्या कोणीतरी पीठ मळावं. भाकरी वाकडीतिकडी झाली तरी चालते.