दही आंबट, मग साखर कुठून?

मधुमेह निघाला की माणूस आधी चहातली साखर सोडतो. दह्याकडे त्याचं लक्षही जात नाही. दही आंबट, आणि आंबट म्हणजे बिनसाखरेचं, असा आपला भाबडा हिशेब! आमच्या देवनार-गोवंडीकडे रमजानात सहरीला दस्तरखानावर दही असतंच. त्यानं दिवसभर तहान कमी लागते अशी समजूत आहे. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. त्यामुळे डेअरीतून कोणतं दही आणायचं, हे मला नीट समजून घ्यावं लागलं.

मुळात दुधातच साखर असते. तिला लॅक्टोज म्हणतात. विरजणातले जिवाणू तिच्यातला काही भाग खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही घट्ट आणि आंबट होतं ते त्यामुळे. पण सगळी साखर काही संपत नाही. शंभर ग्रॅम साध्या दह्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम उरते. तिला घाबरायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरच्या साखरेची मर्यादा सांगितली. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्के, म्हणजे सुमारे ६ चमचे. दुधातली ही साखर त्या मोजणीत धरलेली नाही. मध आणि फळांचा रस मात्र धरलेले आहेत.

खरी गोम आहे ती रंगीत कपांत. कवितेत विशेषणं जपून वापरावीत म्हणतात. या कपांवर ती सढळ हाताने उधळलेली असतात. 'लाइट', 'फ्रूट', 'लो फॅट'! स्निग्धांश कमी केला की चव उतरते, ती बऱ्याचदा साखरेने भरून काढतात. म्हणून पुढचं सोडून कप उलटा करावा. २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी द्यायची असते. हा दुसरा आकडा वाचावा. समजा, शंभर ग्रॅमला तो ८ असेल, तर २ चमचे साखर झाली. घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहितात, तेव्हा साखर कितव्या जागी आहे तेही पाहावं. गूळ, मध, ग्लुकोज सिरप ही तिचीच भावंडं.

आपला चक्का मात्र गुणाचा. दही टांगलं की निवळीबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून जातं, प्रथिनं मागे राहतात. मॉलमध्ये 'ग्रीक योगर्ट' म्हणून महाग मिळतं ते जवळपास हेच. पण त्याच चक्क्यात जवळजवळ बरोबरीची साखर घोटली की श्रीखंड होतं, आणि सगळं गणितच बदलतं.

परीक्षेला निघालेल्या मुलाच्या तळहातावर दही-साखर ठेवतात, आमच्याकडेही ठेवतात. त्या चिमटीला माझी हरकत नाही. घरी आम्ही रात्री विरजण लावतो. सहरीला वाटीभर दही, त्यात काकडी आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ बेतानं, कारण रक्तदाबाची गोळी मलाही चालू आहे.